आग न पाहिलेला माणूस

घर भाड्यानं देताना आमच्या घरमालकांनी मला तीनच प्रश्न विचारले. नवरा बिडी-सिगरेट ओढतो का, देवापुढे उदबत्ती रोज लावता की सणासुदीलाच, आणि झोपताना मोबाइल उशाशी चार्जिंगला लावता का. जात, पगार, मुलं किती, यातलं एक अक्षर नाही. मी मनात म्हटलं, हा माणूस एक तर फार सज्जन आहे, नाहीतर याच्या मनात काहीतरी शिजतंय. जळगावात तीन घरं बदलून झाल्यावर पहिल्या शक्यतेवर माझा फारसा विश्वास उरलेला नव्हता.

सगळी कॉलनी त्यांना नाना म्हणायची. उंच, वाळलेले, पायात कायम रबरी स्लिपर. ते खाली राहायचे, आम्ही वरच्या मजल्यावर, आणि आमच्या डोक्यावर गच्ची. नानांचा उजवा हात सारखा कशाला तरी लागलेला असायचा, तोही पालथा. जिन्यातला स्विचबोर्ड, मीटरची पेटी, आमच्या फ्रिजची मागची बाजू, उभी केलेली स्कूटर, सगळ्यांना हाताची पालथी बाजू लावून ते क्षणभर थांबायचे आणि पुढे जायचे. तळव्यापेक्षा पालथ्या हाताला ऊब लवकर कळते म्हणे. एकदा माझी आई धरणगावहून आली, तर जिन्यात त्यांनी तिच्या पिशवीलाही हात लावला. "पिशवी गरम शे," ते गंभीरपणे म्हणाले. आत पुरणपोळ्या होत्या. आईनं त्यातल्या दोन त्यांना दिल्या, त्यांनी त्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि मगच खाल्ल्या.

एरवी नाना शहरी मराठी बोलायचे. पण त्यांचं गाव धुळ्याकडचं, नरडाण्याच्या जवळचं, त्यामुळे संशय आला की त्यांच्या तोंडात अहिराणी यायची. "कसाना वास ई ऱ्हायना व?" असं जिन्यातून ऐकू आलं की मी समजायचे, आता दहा मिनिटं गेली. मग ते वर यायचे, मी कढईत फोडणी टाकलेली दाखवायची, ते मान डोलवायचे आणि तरीही जाताना गॅसच्या नळीकडे एक नजर टाकायचे.

फाटकाजवळ त्यांनी एक लाकडी खोकं ठेवलं होतं. आल्यागेल्यानं खिशातली काडेपेटी नाहीतर लायटर त्यात टाकायचा आणि जाताना परत घ्यायचा. सिलिंडरवाला, प्लंबर, लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणे, कुणालाही सुटका नव्हती. गंमत अशी की परत द्यायचं नाना बरेचदा विसरायचे. खोक्यातल्या पेट्या ते स्वतःच्या खिशात टाकायचे, कारण खोक्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. अक्का, म्हणजे त्यांच्या बायको, कपडे धुवायला घेण्याआधी त्यांचे खिसे रिकामे करायच्या, तेव्हा पाच-सहा काडेपेट्या निघायच्या. "आगले भिनारा माणूस आनि खिशामा दुकान," असं म्हणून त्या हसायच्या.

मला मात्र हसू येत नव्हतं. मी बाजारातून परत आले की का कोण जाणे, वाटायचं कुणीतरी येऊन गेलंय. घरमालकाकडे दुसरी किल्ली असते, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून मी बाहेर जाताना दाराच्या फटीत पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा अडकवून जायला लागले. दोरा रोज जिथल्या तिथे असायचा. त्यानं माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला, कारण दोरा बघून परत लावण्याइतका हा माणूस बारकाईचा होता. एका दुपारी मी मुद्दाम लवकर आले. पाहते तर नाना माझ्या बंद दारासमोर गुडघे टेकून, गाल फरशीला लावून बसलेले.

"नाना, काय शोधताय?"

ते अजिबात दचकले नाहीत. "गॅस जड असतो. तो खालच्या फटीतून येतो. तू बाहेर गेलीस की मी वास घेऊन जातो. आत नाही जात." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "आणि तो दोरा कसला लावतेस? कापसाचा आहे. लवकर पेटतो."

माझे कान गरम झाले. तरी मी मनात म्हटलंच, पकडला गेला म्हणून गॅसचं सांगतोय. माझाही स्वभाव काही कमी नाही.

आमच्यातली खरी लढाई मात्र गच्चीवरून झाली. थंडी पडली की जळगावात घरोघरी भरिताचे बेत सुरू होतात, आणि त्या वर्षीपासून मी घरून भरिताच्या ऑर्डरी घ्यायला लागले होते. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, कांद्याची पात. व्हॉट्सअॅपवर निरोप यायचे, माझा नवरा पाइपच्या कारखान्यातून सुटला की डबे पोचवायचा. पण स्वयंपाकघरातल्या गॅसवर एका वेळी चारच वांगी भाजता यायची, आणि खाणारे कळवायचे, ताई, चव छान आहे, पण धूर लागत नाही. इकडे भरीत म्हणजे कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं. त्याचा धूर जिभेला माहीत असलेल्या माणसाला गॅसवरचं भरीत देणं म्हणजे फसवणूकच. मला गच्ची हवी होती. गच्ची मिळाली तर माझा धंदा उभा राहणार होता, नाही मिळाली तर चार वांग्यांवरच थांबणार होता.

नवऱ्यानं दोन वस्तू पाहून ठेवल्या होत्या. एक, तेलाचा ड्रम आडवा कापून वेल्डरनं बनवलेली कोळशाची भट्टी, वर जाळी आणि झाकण. दुसरी, त्याच्या कारखान्यातल्या साहेबांनी हौसेनं घेतलेलं आणि कधी न वापरलेलं विजेचं स्मोकर. स्टीलचं कपाट, आत जाळ्या, खाली कॉइल, कॉइलवर लाकडाचे तुकडे ठेवायचा छोटा ट्रे. ताप किती हवा ते बटणावर ठरवायचं, धूर आपोआप होतो. आम्ही ठरवलं, यातलं नानांना जे कमी भीतीचं वाटेल ते घेऊ.

नानांनी दोन्ही नाकारलं. "कोळशाची ठिणगी उडते आणि दिसते. विजेची उडतच नाही, वायरीच्या आत बसते. कोळसा चोर आहे, वीज घरातला चोर." मी म्हटलं, नाना, मग माणसानं शिजवायचं कशावर? त्यावर ते म्हणाले, "दोन्ही एकाच दिवशी लाव. माझ्यासमोर. मी बघतो."

त्या रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर वाळूच्या चार बादल्या, पाण्याच्या दोन, एक ओलं पोतं आणि मधोमध खुर्ची टाकून नाना, असा थाट होता. ड्रममध्ये कोळसा पेटवला. नाना मोठ्यानं ठिणग्या मोजत होते. सात झाल्या. वांगी वीस-पंचवीस मिनिटांत काळी पडून मऊ झाली, रस गळायला लागला आणि शेजारच्या गच्चीवरून काकू डोकावल्या. विजेच्या कपाटात मात्र काहीच घडत नव्हतं. तास होऊन गेला तरी वांगी नुसती सुरकुतलेली. चवही उकडल्यासारखी लागणार हे दिसतच होतं. तेव्हा मला सुचलं ते असं, की ट्रेमध्ये विकतचे लाकडाचे तुकडे न घालता कपाशीच्या काड्या तोडून घालाव्यात. आईनं शेतावरून एक गोणी भरून पाठवल्या होत्या, ती गच्चीच्या कोपऱ्यात होती. ट्रे भरला, आणि थोड्याच वेळात कपाटाच्या धुराड्यातून जो वास आला, तो थेट आमच्या शेतातला. वांग्यांची दुसरी खेप निघाली तेव्हा माझा नवरा नुसता वासानंच खूश झाला.

दोन्ही भरितं नानांपुढे ठेवली. त्यांनी एक घास इकडचा, एक तिकडचा, सावकाश खाल्ला. 

"दोन्ही चांगले शेतस," ते म्हणाले. "बठ्ठं बरं व्हयनं, म्हनीसन माले संशय शे." सगळंच बरं झालं, याचाच त्यांना संशय.

मग त्यांनी ड्रममधला कोळसा पाण्यात बुडवला, इतका की राखेचा काला गच्चीभर वाहिला. विजेच्या कपाटाची पिन स्वतः काढली. आणि जिना उतरताना म्हणाले, "तीन दिन थांबा. मंग सांगसू."

तीन दिवस का, हे मला अक्कांनी सांगितलं. सोमवारी दुपारी आम्ही दोघी लसूण सोलत बसलो होतो. नाना धरणगावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तीस वर्षं यार्ड सुपरवायझर होते. काम एकच, कापसाच्या ढिगात आग लागू न देणं. कापसाची आग भडकत नाही. सरकी काढताना एखादा खडा यंत्राला घासतो, ठिणगी रुईत शिरते, ती रुई दाबून गाठ बांधली जाते आणि आग आत झोपून राहते. बाहेरून गाठ पांढरीशुभ्र. तिसऱ्या दिवशी ती जागी होते. म्हणून नाना सकाळ-संध्याकाळ ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघायचे, गाठींना पालथा हात लावायचे, मजुरांच्या काडेपेट्या फाटकावर काढून घ्यायचे.

"मोठी आग पाहिली असेल त्यांनी," मी म्हटलं. मला वाटलं, आता एखादी भयंकर हकिकत येणार.

अक्का हसायला लागल्या. "कसानी आग व? त्यासनी जिंदगीमा एकबी आग देखेल नही. तीस वरीसमा एक काडी जळनी नही."

आणि तेच त्यांच्या नोकरीवर उलटलं होतं. जिनिंगच्या शेठजींच्या मुलानं कारभार हातात घेतला, पाण्याच्या पाइपलाइनी टाकल्या, धुराचे सेन्सर बसवले आणि नानांना चहा पाजून सांगितलं, नाना, तीस वर्षांत कधी आग लागली नाही, आता तुम्ही आराम करा. नाना घरी आले. त्यांना असं वाटलं होतं की वर्षभरात जिनिंगवाले त्यांना परत बोलावतील. वर्षं गेली, जिनिंगला काही झालं नाही. अक्का म्हणाल्या, कापसाचा हंगाम आला की अजून एकदा ते बसनं धरणगावला जातात, फाटकासमोर चहा घेतात आणि परत येतात. आल्यावर कुणाशी बोलत नाहीत.

मला एकदम आठवलं. आदल्या वर्षी माहेरी गेले असताना मी त्यांना तिथे पाहिलं होतं. जिनिंगच्या समोरच्या टपरीवर, फाटकाकडे तोंड करून. मी विचारलं होतं, नाना, इकडे कसे? "सहज," ते म्हणाले होते, आणि पुन्हा त्या पांढऱ्या ढिगांकडे बघायला लागले होते. तेव्हा मला वाटलं होतं, यांचं इथे काहीतरी भानगडीचं काम असणार. आता कळलं की तीस वर्षं आपण आग अडवली, की ती लागणारच नव्हती, एवढंच त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. ते सांगणार कोण? मला त्या माणसाची पहिल्यांदाच दया आली.

मंगळवारी सकाळी मी चहा टाकत होते, तेवढ्यात गच्चीवरून आरडाओरडा ऐकू आला. धावत वर गेले. नाना गुडघ्यांवर बसले होते. काड्यांची गोणी फाडून उघडी केलेली, आत लाल निखारा, गोणीचा अर्धा तळ काळा पडलेला आणि नाना दोन्ही हातांनी त्यावर वाळू ओतत होते. त्यांच्या हाताच्या पालथ्या बाजूला फोड आला होता. मला पाहून त्यांचा चेहरा असा फुलला की मी जिन्याच्या तोंडाशी थबकलेच.

"दख! दख व माय! आग शे! आत झोपेल व्हती!"

माझा नवरा आला, धापा टाकत अक्का आल्या. आग विझली होती. नाना पुन्हा पुन्हा गोणीकडे बोट दाखवत होते. तेवढ्यात ते वाकले आणि त्यांच्या खिशातून काडेपेटी फरशीवर पडली. आम्ही चौघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"सिलिंडरवालानी शे," नाना म्हणाले.

"नाना, सिलिंडरवाला येऊन चार दिवस झाले," माझा नवरा हळूच म्हणाला. "आणि रविवारी आपण सगळं विझवलं होतं. तुम्हीच विझवलं होतं."

अक्का नानांकडे बघत होत्या. "हाई काय कयं तुम्ही?" त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

खरं काय ते त्या गच्चीवर एका माणसाला माहीत होतं, ते म्हणजे मला. रविवारी कोळसा नानांनी बुडवला, पिन त्यांनी काढली, पण काड्यांचा ट्रे मी रिकामा केला होता. अर्ध्या जळलेल्या काड्या फेकायच्या नाहीत, त्या पुढच्या वेळी लवकर धरतात, ही आमच्या घरची रीत. आई चुलीपाशी तेच करायची. मी बोट लावून पाहिलं, काड्या थंड होत्या, मी त्या परत गोणीत टाकल्या. काही काड्यांना फुटकी बोंडं होती, बोंडांत कापूस अडकलेला होता. वाळूत पडलेली ती काळी बोंडं पाहताक्षणी मला सगळं कळलं.

आणि मी गप्प बसले.

येत्या रविवारची चाळीस ताटांची ऑर्डर होती, एका महिला मंडळाची. तेवढी चांगली झाली तर थंडीभर कामाला तोटा नव्हता. मी मनात म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी पुण्याहून नानांच्या मुलाचा फोन आला. अक्कांनी रडत रडत सगळं सांगितलं होतं. मुलगा स्पीकरवर बोलत होता, "बाबा, तुम्हाला डॉक्टरांना दाखवू. तुम्ही गच्चीवर जायचं नाही. वरच्या ताईंना विजेचं मशीन वापरू द्या, तुमच्यापेक्षा ते सेफ आहे." अक्कांनी गच्चीची किल्ली माझ्या हातात दिली. मी ती घेतली. हे लिहिताना अजून लाज वाटते, पण घेतली.

बुधवारपासून नाना फिरायचे थांबले. स्विचबोर्डला हात नाही, जिन्यात वास घेणं नाही. माझा भाऊ येऊन गेला, त्याच्या खिशात लायटर होता, त्याला कुणी अडवलं नाही. नाना खाली खुर्चीत बसून असायचे आणि अक्का त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायच्या. मी जिन्यातून जाताना भिंतीकडे तोंड करून जायचे. मला वाटायचं, त्यांना माझा संशय आलाय, ते कधीतरी मला बोलतील. बोलले असते तर मी भांडून मोकळी झाले असते.

शनिवारी दुपारी मी दोन्ही हातांत भरिताच्या वांग्यांच्या पिशव्या घेऊन जिना चढत होते. मधल्या पायरीवर नाना बसले होते. मला वाट देण्यासाठी ते सरकले नाहीत.

"पोरी," ते म्हणाले, "एक इचारू का? खरं सांगशी?"

मी पिशव्या खाली ठेवल्या.

"मीच काडी टाकी का व?" त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. "बठ्ठा सांगतस मी टाकी. मी खूप आठयी दखं, माले काहीच आठवत नही. आग लागाले पाहिजे असं मन्हा मनमा व्हतं, ते खरं शे. मंग टाकी बी व्हई. तुले काय वाटस?"

आयुष्यभर साऱ्या जगावर संशय घेऊन झाल्यावर तो माणूस आता स्वतःवर संशय घेत बसला होता. माझ्या कमरेला गच्चीची किल्ली होती. चाळीस ताटं, महिला मंडळ, थंडीभराचं काम, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाना, ते मी केलं."

मी ट्रेचं सांगितलं, काड्यांचं सांगितलं, रडू आवरत नव्हतं तरी सांगितलं. माफी मागायला लागले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"काड्या थंड व्हत्यात का?"

"हो. मी बोट लावून पाहिलं."

"बोटनी बाजू का पालथा हात?"

"बोट."

"बोंडं व्हतात का त्यामा? कापूस व्हता?"

"होता."

"टाईम काय व्हता?"

"दुपारचे दोन-अडीच."

त्यांनी बोटं मोजली. रविवार, सोमवार, मंगळवार. एकेका उत्तराबरोबर त्यांची पाठ सरळ होत होती. मग ते कठड्याला धरून उठले, डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"चाबी."

मी किल्ली दिली.

"आतेपासून गच्ची बंद. कोळसाबी नही आनि बिजलीबी नही."

"नाना, उद्या चाळीस ताटं आहेत हो!"

"गॅसवर भाज," ते म्हणाले. त्यांनी आम्हाला घर सोडायला सांगितलं नाही, पण दोन वर्षांनी आम्हीच सोडलं. आता नशिराबादला आमची स्वतःची जागा आहे, अंगणात कोळशाचा ड्रम आहे. त्या दिवशी मात्र मी रात्र होईस्तोवर चार-चार वांगी गॅसवर भाजत राहिले, आणि महिला मंडळातल्या दोघींनी दुसऱ्या दिवशी कळवलंच, की धूर लागत नाही.

पण ते नंतर. त्या दुपारी मी दोन पिशव्यांच्या मध्ये, हातची गच्ची घालवून जिन्यात उभी होते, आणि नाना स्लिपर फटफटवत दोन-दोन पायऱ्या उतरत खाली निघाले होते. अक्का दारात येईपर्यंतही त्यांना दम नव्हता. साऱ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात ते जिन्यातूनच ओरडत होते, "ऐकी ऱ्हायनी का व? आग खरी व्हती! आग खरी व्हती!"